अंतराळ स्थानक आणि ‘शकुंतले’चा धडा

(यवतमाळ जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेले भाषण)



२ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भाच्या आकाशातून आगीचे लोळ एका रांगेत सरकत जाताना हजारो लोकांनी पाहिले. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी या गावी धातूचे एक अवजड कडे येऊन आदळले. आसपासच्या परिसरात गोलाकार टाक्याही सापडल्या. हे अवशेष चीनच्या एका अग्निबाणाचे असल्याचे तज्ज्ञांनी पुढे सांगितले. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. जुन्या पिढीतील साथींना या प्रसंगाने १९७९ च्या जुलै महिन्याची आठवण झाली असेल. अमेरिकेचे ‘स्कायलॅब’ हे अंतराळ स्थानक तेव्हा कोसळत होते आणि ते कोणाच्या डोक्यावर पडणार या धास्तीने भारतातील खेडीपाडी ग्रासली होती. अखेरीस ११ जुलै रोजी त्याचे तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले.

या दोन घटनांतून एक साधी गोष्ट ध्यानात येते. अंतराळात काय उभे राहते आणि त्याचे पुढे काय होते, याच्याशी ज्याचा संबंध नाही असा माणूस या पृथ्वीवर नाही. ज्या शेतकऱ्याने त्या अग्निबाणासाठी एक पैसाही दिला नव्हता आणि ज्याला कोणी विचारलेही नव्हते, त्याच्याच गावात ते कडे पडले. म्हणून अंतराळ स्थानके कोणी उभारावीत, त्यांचा खर्च कोणी सोसावा आणि त्यांच्यावर मालकी कोणाची असावी, हा प्रश्न केवळ शास्त्रज्ञांचा वा धनिकांच्या हौसेचा म्हणून सोडून देता येत नाही. तो अर्थकारणाचा प्रश्न आहे, आणि म्हणूनच तो राजकारणाचाही आहे.

आज या प्रश्नाला निकड आली आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाची उभारणी १९९८ च्या नोव्हेंबरात सुरू झाली आणि नोव्हेंबर २००० पासून तेथे माणसाचे वास्तव्य अखंड राहिले. अमेरिका, रशिया, जपान, कॅनडा आणि युरोपातील देशांनी मिळून ते उभारले. त्यावर एकूण शंभर अब्ज डॉलरहून अधिक खर्च झाला आणि हा सर्व पैसा त्या त्या देशांच्या करदात्यांचा होता. हे स्थानक २०३० नंतर पाडावयाचे, असे अमेरिकेचे नियोजन आहे. ते सुरक्षितपणे समुद्रात उतरवणारे यान बांधण्यासाठी जून २०२४ मध्ये ८४ कोटी डॉलरपर्यंतचे कंत्राट एका खासगी कंपनीला देण्यात आले. म्हणजे घर बांधण्याचा खर्च जनतेचा आणि पाडण्याचा खर्चही जनतेचा. त्यानंतर मात्र सरकारने स्वतःचे स्थानक बांधू नये, खासगी कंपन्यांनी बांधलेल्या स्थानकांत भाडेकरू म्हणून राहावे, असे धोरण तेथे स्वीकारले गेले आहे. चीनने आपले ‘तियानगोंग’ स्थानक २०२२ साली पूर्ण केले. ते सरकारी आहे. भारतानेही २०३५ पर्यंत स्वतःचे ‘भारतीय अंतराळ स्थानक’ उभारण्याचे ठरवले आहे. १८ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने गगनयान कार्यक्रमाची व्याप्ती वाढवून स्थानकाच्या पहिल्या भागास मंजुरी दिली आणि कार्यक्रमाची एकूण तरतूद २०,१९३ कोटी रुपयांवर नेली. भारतापुढे आता दोन वाटा आहेत, आणि कोणती धरावयाची हे येत्या काही वर्षांत ठरणार आहे.

यवतमाळ जिल्ह्यात बसून याचा विचार करताना पहिला आक्षेप समोर येतो तो अगदी रास्त आहे. ज्या जिल्ह्याचे नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर झाले, जेथे २००६ च्या जुलैत पंतप्रधानांना येऊन विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर करावे लागले, जेथे २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेथे अंतराळात घर बांधण्याची भाषा कोणत्या तोंडाने करावी? हातात हातमोजे नाहीत, तोंडावर मुखवटा नाही, पाठीवर विषाचा पंप आहे. अशा माणसाला चांदण्यांच्या गोष्टी सांगणे ही क्रूर थट्टा नव्हे काय?

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. परंतु त्याचे उत्तर आकड्यांतच शोधले पाहिजे. २०,१९३ कोटी ही रक्कम अनेक वर्षांत खर्च व्हावयाची आहे. देशाच्या सुमारे १४० कोटी लोकसंख्येने भागली तर ती दरडोई दीडशे रुपयांच्या आत येते. संपूर्ण स्थानकाचा खर्च याहून बराच अधिक होईल, हे मान्य. तरीही दुसरा एक आकडा याच्या शेजारी ठेवून पाहावा. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने कंपन्यांवरील प्राप्तिकराचे दर एका फटक्यात खाली आणले. त्यामुळे वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपयांच्या महसुलावर पाणी सोडावे लागेल, असा सरकारचाच अंदाज होता. एका वर्षात सोडून दिलेला हा महसूल गगनयानाच्या सर्व वर्षांच्या तरतुदीच्या सातपट आहे. तेव्हा फवारणी करणाऱ्याच्या हातमोज्यांचे पैसे शास्त्रज्ञाने पळवले, असे म्हणणे हिशेबाला धरून नाही. विज्ञान विरुद्ध भाकरी असे भांडण लावून देणाऱ्यांना तिसऱ्याच कोणाच्या ताटाकडे कोणाचे लक्ष जाऊ नये असे वाटत असते. समाजवादी कार्यकर्त्याने या सापळ्यात सापडू नये.

मात्र याचा अर्थ अंतराळावरील प्रत्येक खर्च आपोआप योग्य ठरतो असा नाही. भारताच्या अंतराळ कार्यक्रमाला त्याच्या जनकांनीच एक कसोटी लावून दिली होती. विक्रम साराभाई आणि त्यांच्यामागून सतीश धवन यांची भूमिका स्पष्ट होती. श्रीमंत राष्ट्रांशी चढाओढ हे भारताचे उद्दिष्ट नसावे. समाजाच्या खऱ्या गरजा भागवण्यासाठी प्रगत तंत्र वापरण्यात मात्र भारताने मागे राहू नये. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेचा उपग्रह उसना घेऊन सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शेती, आरोग्य आणि शिक्षण यांविषयीचे दूरदर्शन कार्यक्रम पोहोचवले गेले, ते याच भूमिकेतून. ज्या खेड्यांत रस्ताही धड नव्हता तेथे उपग्रहाचे चित्र पोहोचले. तो प्रयोग सरकारी होता, विनामूल्य होता, आणि सर्वांत मागासलेल्या खेड्यांची निवड त्यासाठी मुद्दाम करण्यात आली होती. नफ्याचा हिशेब करणाऱ्या कोणत्याही कंपनीने ही खेडी निवडली नसती.

आता दुसऱ्या युक्तिवादाकडे वळू. तो असा की सरकारने या उद्योगातून अंग काढून घ्यावे. खासगी भांडवल अधिक कार्यक्षम असते, ते स्वतःच्या जोखमीवर स्थानके उभारील आणि करदात्याचा भार हलका होईल. वरवर पाहता हे मोहक वाटते. पण अंतराळ स्थानकाचे अर्थशास्त्र काय आहे? गुंतवणूक प्रचंड, फळ वीस-पंचवीस वर्षांनी, तेही अनिश्चित. मिळणारे फळ मुख्यतः ज्ञानाच्या स्वरूपाचे, आणि ज्ञान ही अशी वस्तू आहे की एकाने वापरली म्हणून दुसऱ्याच्या वाट्याची संपत नाही. अशा वस्तूला बाजारात पुरेसे गिऱ्हाईक मिळत नाही. त्यामुळे खासगी स्थानकाचे मुख्य गिऱ्हाईक सरकारच असते. अमेरिकेत हेच घडत आहे. डिसेंबर २०२१ मध्ये तेथील अंतराळ संस्थेने खासगी स्थानकांच्या आराखड्यांसाठी तीन कंपन्यांना मिळून ४१ कोटी डॉलरहून अधिक साहाय्य देऊ केले. त्यांतील एका कंपनीने २०२३ साली स्वतःचा बेत सोडून दिला आणि ती दुसरीच्या प्रकल्पात सामील झाली. ज्यांची पुढे स्थानके होतील, तेथे भाडे भरणारे पहिले बिऱ्हाडही सरकारचेच असणार आहे. सरकार आरंभी अनुदान देणार आणि नंतर भाडे भरणार, पण घर मात्र त्याचे होणार नाही.

या व्यवस्थेचा अनुभव भारतानेही घेतला आहे. ३ एप्रिल १९८४ रोजी राकेश शर्मा सोव्हिएत यानातून निघाले आणि ‘सॅल्यूत-७’ स्थानकावर राहून आले, ते दोन सरकारांच्या सहकार्याने. त्यानंतर ४१ वर्षांनी, २५ जून २०२५ रोजी, शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय स्थानकाकडे निघाले, ते एका खासगी अमेरिकी कंपनीने आखलेल्या मोहिमेतून, आणि भारताने त्यासाठी सुमारे साडेपाचशे कोटी रुपये मोजले. स्थानक अनेक राष्ट्रांच्या जनतेने बांधलेले; तिकीट विकणारी खिडकी मात्र कंपनीची. शुक्ला यांनी तेथे मूग आणि मेथी यांना मोड आणण्याचा प्रयोग केला. स्नायूंच्या पेशींवर आणि सूक्ष्म शैवालांवरही प्रयोग झाले. हे काम मोलाचे आहे आणि त्या तरुण वैमानिकाच्या धैर्याविषयी दुमत नाही. प्रश्न एवढाच की मूग-मेथीच्या प्रत्येक नव्या प्रयोगासाठी भारताने अशीच खिडकीपुढे रांग लावावी काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी यवतमाळकरांना दूर जावे लागत नाही. यवतमाळ ते मूर्तिजापूर आणि मूर्तिजापूर ते अचलपूर ही सुमारे १९० किलोमीटरची अरुंदमापी रेल्वे विसाव्या शतकाच्या आरंभी टाकली गेली. किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीने सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीमार्फत तिचे भांडवल उभे केले. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरच्या मोठ्या मार्गापर्यंत, तेथून मुंबईला आणि पुढे मँचेस्टरच्या गिरण्यांना नेणे हा तिचा हेतू होता. १९५१ साली देशातील रेल्वेची पुनर्रचना झाली. पण हा मार्ग राष्ट्रीयीकरणातून सुटला. गाडी चालवायची भारतीय रेल्वेने, कर्मचारी भारतीय रेल्वेचे, प्रवासी दारव्हा-कारंज्याकडचा गरीब शेतकरी, आणि रुळांची मालकी मात्र कंपनीची! त्या मालकीपोटी कंपनीला मोबदला देण्याची व्यवस्था स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशके चालली. १९२१ साली मँचेस्टरला बांधलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत ही गाडी ओढत होते. देखभालीअभावी रुळांची अशी दुर्दशा झाली की गाडीचा वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपास उतरला आणि अखेर ‘शकुंतला’ थांबली. मालकाला रूळ सुधारण्यात रस नव्हता, कारण तसे केल्याने त्याची प्राप्ती वाढणार नव्हती. सरकारला दुसऱ्याच्या मालमत्तेवर पैसा ओतण्याचे कारण नव्हते. या दोहोंच्या मध्ये तिसऱ्या वर्गाचे स्वस्त तिकीट काढून बाजाराला जाणारा माणूस मात्र नाडला गेला.

‘शकुंतले’ची गोष्ट सुटी नाही. भारतातील आरंभीच्या मोठ्या रेल्वे कंपन्यांना सरकारने भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी दिली होती. नफा झाला तर भागधारकांचा आणि तोटा झाला तर भारतीय रयतेच्या सारावसुलीतून भरपाई, असा तो सौदा होता. दादाभाई नौरोजींच्या पिढीने देशाच्या संपत्तीच्या निःसारणाची जी मीमांसा केली, तिच्यात रेल्वेपोटी परदेशी जाणाऱ्या या पैशाचाही हिशेब होता. अंतराळात आज जी रचना होऊ घातली आहे, तिचे यंत्र नवे असले तरी खतावणी तीच जुनी आहे.

शिवाय जोखमीचा एक मोठा भाग कायद्यानेच जनतेच्या माथी मारलेला आहे. १९६७ च्या बाह्य अंतराळ करारानुसार खासगी कंपनीने अंतराळात काहीही केले तरी त्याची आंतरराष्ट्रीय जबाबदारी तिच्या राष्ट्राची असते. १९७२ च्या दायित्व करारानुसार अंतराळातून पडलेल्या वस्तूमुळे जमिनीवर नुकसान झाल्यास भरपाई प्रक्षेपण करणाऱ्या राष्ट्राने द्यावयाची आहे. १९७८ साली सोव्हिएत उपग्रह कॅनडात कोसळला तेव्हा ही भरपाई सोव्हिएत सरकारने दिली. म्हणजे उद्या एखाद्या भारतीय कंपनीच्या स्थानकाचा तुकडा कोठे पडला तर दावा भारत सरकारवर येईल आणि पैसा भारतीय करदात्याचा जाईल. ज्याच्यावर अखेरची जबाबदारी, त्याच्याकडेच अखेरची मालकी असावी, हे साधे न्यायतत्त्व आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. खासगी कारखान्यांना या कामात स्थानच नसावे, असा याचा अर्थ नाही. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरच्या कारखान्यात अग्निबाणांची कवचे अनेक वर्षे तयार होत आली आहेत. विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात इंजिने बनली आहेत. तेथील कामगारांचे कौशल्य हे या कार्यक्रमाचे वैभव आहे. परंतु सुटे भाग बनवून देणे निराळे आणि संपूर्ण व्यवस्थेची मालकी मिळवणे निराळे. २०२० नंतर हा फरक पुसट होत चालला आहे. २०२३ साली अंतराळ धोरण आले, ते मंत्रिमंडळाच्या मंजुरीने. तो संसदेने केलेला कायदा नव्हे. २०२४ साली उपग्रहांच्या क्षेत्रात ७४ टक्क्यांपर्यंत आणि प्रक्षेपक यानांच्या क्षेत्रात ४९ टक्क्यांपर्यंत परकी भांडवलाला पूर्वपरवानगीशिवाय दार उघडण्यात आले. एवढा मोठा बदल होत असताना देशात त्याची किती चर्चा झाली, हे प्रत्येकाने स्वतःशी आठवून पाहावे.

मग खर्च कोणी सोसावा? उत्तर असे की पाया सार्वजनिक पैशाने घालावा, मालकी सार्वजनिक ठेवावी, आणि जो त्यातून व्यापारी लाभ घेईल त्याच्याकडून पुरेपूर मोल घ्यावे. महाराष्ट्राला हा मार्ग अपरिचित नाही. १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमी योजना उभी राहिली, तेव्हा तिच्या खर्चासाठी शहरातील नोकरदार आणि व्यावसायिक यांच्यावर १९७५ साली व्यवसाय कर बसवण्यात आला आणि त्याच्या उत्पन्नाइतकीच रक्कम राज्य सरकारने आपल्याकडून घालावी असे ठरले. ज्यांना सुस्थिती लाभली त्यांनी दुष्काळी मजुराच्या कामाचा भार उचलावा, हे तत्त्व महाराष्ट्राने कायद्यात उतरवले. त्याच न्यायाने उपग्रहांच्या आधारे दळणवळणाचा आणि माहितीचा व्यापार करणाऱ्या कंपन्यांवर अंतराळ उपकर बसवता येईल. स्थानकावर औषधांचे वा नव्या पदार्थांचे प्रयोग करू इच्छिणाऱ्या उद्योगांकडून पूर्ण भाडे घेता येईल. विद्यापीठांना आणि कृषी संशोधन संस्थांना मात्र तीच जागा विनामूल्य मिळावी.

याच्या जोडीला आंतरराष्ट्रीय सहकार्याचा मार्गही आहे. २०१९ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या सहभागाने चीनच्या स्थानकासाठी प्रयोगांची निवड झाली, तेव्हा १७ देशांच्या सहभागाचे ९ प्रयोग निवडले गेले आणि त्यांत भारतीय व रशियन शास्त्रज्ञांचा एक संयुक्त प्रयोगही होता. भारताचे स्थानक उभे राहील तेव्हा आशिया आणि आफ्रिकेतील ज्या देशांना स्वतःचे स्थानक बांधणे कधीच परवडणार नाही, त्यांच्यासाठी त्याची दारे उघडी राहावीत. अलिप्ततेच्या परंपरेला शोभेल असे ते कार्य होईल.

परंतु सार्वजनिक मालकी हा शब्द उच्चारला की सारे संपले, असे मानण्याची चूक करू नये. कापूस उत्पादकांच्या या जिल्ह्याला ते सांगण्याची गरजच नाही. १९७२ साली सुरू झालेली एकाधिकार कापूस खरेदी योजना व्यापाऱ्याच्या तावडीतून शेतकऱ्याला सोडवण्यासाठी होती. तिने हमीभावाचा आधार दिला हे खरे. पण पुढे प्रतवारीतील तक्रारी, रखडलेली चुकारे आणि वाढता तोटा यांनी ती पोखरली आणि शेवटी एकाधिकार मोडीत निघाला. मालकी सरकारची होती, पण शेतकऱ्याचा तिच्यावर अंकुश नव्हता. अंतराळ विभागातही असे घडू शकते, याचा दाखला आहे. सरकारी अँट्रिक्स कंपनीने २००५ साली देवास या खासगी कंपनीशी उपग्रहाच्या लहरींचा करार केला. तो २०११ साली रद्द करावा लागला. देवास कंपनी फसवणुकीच्या कारणावरून गुंडाळण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये कायम केला, तरी परदेशांतील लवादांचे दावे सरकारच्या मागे लागले. बंद दाराआड झालेल्या कराराची किंमत अशी मोजावी लागते.

म्हणून तीन मागण्या स्पष्टपणे पुढे ठेवल्या पाहिजेत. पहिली, अंतराळ स्थानकाचा संपूर्ण अंदाजित खर्च आणि त्यासंबंधीचे सर्व करार संसदेपुढे यावेत व खासगी सहभागाची मर्यादा धोरणाने न ठरता कायद्याने ठरावी. दुसरी, सार्वजनिक पैशातून मिळालेले ज्ञान आणि उपग्रहांची माहिती सार्वजनिक राहावी. तिसरी मागणी यवतमाळच्या दृष्टीने सर्वांत निकडीची आहे: वर जाणाऱ्या प्रत्येक रुपयाबरोबर खाली शेतापर्यंतचा अखेरचा टप्पाही पुरा व्हावा. नागपूरला राज्याचे सुदूर संवेदन केंद्र आहे. पाण्याचे, जमिनीचे, पिकांचे नकाशे तेथे उपग्रहाच्या चित्रांवरून तयार होतात. पीक विम्यात नुकसान ठरवण्यासाठीही आता उपग्रहाच्या माहितीचा उपयोग होऊ लागला आहे. अशा वेळी ज्याच्या शेताचे चित्र आकाशातून घेतले गेले, त्या शेतकऱ्याला ते पाहण्याचा आणि त्याविरुद्ध दाद मागण्याचा अधिकार असला पाहिजे. विमा कंपनीला आपले शेत दिसते आणि आपल्याला ते दिसत नाही, ही स्थिती कोणत्याही लोकशाहीत मान्य होऊ नये.

स्थानकाचा पहिला भाग २०२८ मध्ये सोडण्याचे सरकारचे उद्दिष्ट आहे. मधल्या काळात कार्यकर्त्यांना करण्यासारखे पुष्कळ आहे. ज्या गावात पीक विम्याचा दावा फेटाळला गेला असेल, तेथे ग्रामसभेत ठराव करून त्या निर्णयामागची उपग्रहाची चित्रे आणि पर्जन्यमानाच्या नोंदी लेखी मागाव्यात. त्या नाकारल्या गेल्या तर माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करावेत. आणि मते मागण्यासाठी उमेदवार दारात येतील तेव्हा जात-पात आणि पॅकेजे यांच्या गदारोळात हा एक प्रश्न त्यांना अवश्य विचारावा: अंतराळातील या नव्या रुळांची मालकी कोणाच्या नावावर लागणार आहे?